नऊ तासांचा उजेड आणि एक दुपारची झोप

हिवाळ्यात लहान मुलाला घेऊन एखादं शहर बघायला जायचं म्हटलं की आजूबाजूच्यांचे दोन गट पडतात. एक म्हणतो, ‘एवढ्या थंडीत? लेकराला?’ दुसरा म्हणतो, ‘त्यात काय, तिकडची पोरं बर्फातच वाढतात.’ आम्ही दोघांचंही ऐकून घेतलं आणि कामाला लागलो. लेक तेव्हा दोनच्या अलीकडे होती. चालायची, पण तिला हव्या त्या दिशेला. बोलायची, पण मुख्यतः ‘नाही’.

तारीख आम्ही ठरवली नाही, तिच्या वाढदिवसाने ठरवली. दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात मांडीवर बसवून नेता येतं, पण वय मोजतात ते प्रवासाच्या दिवशीचं. जाताना एक वर्ष अकरा महिने आणि येताना दोन पूर्ण, असं झालं तर परतीला तिच्या नावाची स्वतंत्र सीट घ्यावी लागते. तिचा वाढदिवस मार्चमधला. म्हणजे जायचं ते फेब्रुवारी संपायच्या आत. बॅसिनेट नावाचा जो पाळणा भिंतीला लावून देतात, त्याच्या भरवशावर राहू नका. त्याला वजनाची आणि उंचीची मर्यादा असते आणि दीड वर्षापुढची बहुतेक मुलं त्यात मावत नाहीत.

दुसरी तारीख मागे मोजून काढली, ती फ्लूच्या लशीची. पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्या लहान मुलाला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, आणि त्यानंतर अंगात संरक्षण तयार व्हायला आणखी साधारण दोन आठवडे जातात. म्हणजे निघायच्या निदान दीड महिना आधी पहिला डोस टोचून व्हायला हवा. हिवाळ्यात बंद खोल्या, बंद ट्रामा, खेळायच्या जागी एकच खेळणं दहा तोंडांत, असा सगळा प्रकार. तिकिटाच्याही आधी आम्ही डॉक्टरांची वेळ घेतली.

मग शहर. इथे घरात बऱ्यापैकी वादावादी झाली. नवऱ्याला कोपनहेगन हवं होतं. तो म्हणाला, तिथे प्रत्येक दुसरा माणूस बाबागाडी ढकलत असतो, मुलांसाठी यापेक्षा चांगलं शहर नाही. मला लिस्बन हवं होतं, कारण तिथे जानेवारीतही स्वेटरवर भागतं. दोघांनीही तापमान बघितलं होतं. मी मग एका रात्री बसून सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा काढल्या आणि दोन्ही शहरं बाजूला पडली.

डिसेंबरच्या शेवटी कोपनहेगनला उजेड जेमतेम सात तास. सूर्य उगवतो साडेआठनंतर आणि चारच्या आत मावळतो. आमची लेक झोपते दुपारी साडेबारा ते अडीच. सकाळचं आवरून बाहेर पडायला दहा वाजणार, बाराला परत फिरायचं, आणि झोप झाल्यावर जोडे घालेपर्यंत बाहेर अंधार. उन्हाळ्यात हेच शहर बाळगोपाळांचं नंदनवन असेल, त्याबद्दल वाद नाही. लिस्बनला उजेड साडेनऊ तास मिळतो, पण हिवाळा हा तिथला पावसाळा. त्यात शहर टेकड्यांवर वसलेलं, फुटपाथ गुळगुळीत झालेल्या छोट्या दगडांचे, त्या प्रसिद्ध जुन्या ट्रामला चढायला पायऱ्या, आणि अनेक जुन्या घरांत सेंट्रल हीटिंग नाही. ओल्या कपड्यांनी थंड खोलीत परतणं मला शून्याखालच्या कोरड्या थंडीपेक्षा अवघड वाटतं. थंडीला निदान कपडे घालता येतात.

लंडन, पॅरिसही नजरेखालून गेली. दोन्हीकडे बघण्यासारखं अपार आहे आणि दोन्हीकडच्या भुयारी रेल्वेत असंख्य स्थानकांवर लिफ्ट नाही. एकाने मुलाला उचलायचं, दुसऱ्याने गाडी, वर जाडजूड कोट अंगात. घामाघूम होऊन वर आलात की थंड वारा.

व्हिएन्ना कागदावर सगळ्यात कंटाळवाणं वाटलं होतं. राजवाडे आणि संगीत. दोन वर्षांच्या मुलीला त्यात काय? पण जसजशी शोधत गेले तसतसा माझा चष्मा बदलला. तिथल्या भुयारी रेल्वेच्या सगळ्या स्थानकांत लिफ्ट किंवा रॅम्प आहे. नव्या ट्रामचा तळ इतका खाली असतो की बाबागाडी फुटपाथवरून जवळपास सरळ आत जाते. सहा वर्षांखालच्या मुलांना शहरातल्या वाहतुकीचं तिकीट नाही. आणि मुख्य म्हणजे छपराखालचं, उबदार आणि लहान मुलांना कळेल असं तिथे पुष्कळ आहे. हिवाळ्यातली सहल ठरवताना ‘बाहेर काय बघायचं’ यापेक्षा ‘आत कुठे शिरायचं’ हा प्रश्न आधी विचारावा, हे माझं ठाम मत तेव्हाच झालं.

जायचं जानेवारीच्या शेवटी ठरलं. नाताळचे बाजार हुकणार, याची मैत्रिणींना माझ्यापेक्षा जास्त हळहळ. पण गर्दीत बाबागाडीत बसलेल्या मुलाला दिसतात ते लोकांचे गुडघे आणि पिशव्या. दिव्यांची रोषणाई सगळी डोक्याच्या वर. शिवाय डिसेंबरच्या त्या सर्वांत लहान दिवसाला व्हिएन्नात उजेड सव्वाआठ-साडेआठ तासांचा असतो. जानेवारी संपेपर्यंत त्यात तासाभराची भर पडते. वाचून ‘हं’ म्हणण्यासारखी गोष्ट, पण दुपारच्या झोपेनंतरचा तो एक तास म्हणजे अख्खी संध्याकाळ.

आता वेळापत्रक. जागतिक आरोग्य संघटना या वयाच्या मुलांना दिवसाकाठी ११ ते १४ तास झोप सांगते, दुपारची धरून. उरलेल्या वेळातून तीन जेवणं, अंघोळ, कपडे चढवणं-उतरवणं वजा करा. हाती येतात सकाळचे दोन तास आणि दुपारचे दीड. नवऱ्याने आधी केलेल्या यादीत रोज चार ठिकाणं होती. मी त्याला काही बोलले नाही, फक्त यादीशेजारी तिच्या झोपेचे तास लिहून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच तिथे काट मारली. शेवटी ठरलं ते असं: सकाळी एक मोठी, छपराखालची जागा. दुपारी झोप खोलीवर, पलंगात. संध्याकाळी जवळपासच, पायी किंवा ट्रामने, काही ठरवून नाही. ‘बाबागाडीत झोपेल की’ हा सल्ला बरेच जण देतात. उन्हाळ्यात ठीक आहे. शून्य अंशाला हालचाल न करता दोन तास पडून राहणाऱ्या मुलाचं अंग चालणाऱ्या मोठ्या माणसापेक्षा कितीतरी लवकर गार पडतं. मुलांचं वजन कमी आणि त्या मानाने कातडीचा पसारा मोठा.

खोलीवर झोपायचं म्हणजे खोली मध्यवर्ती हवी आणि तिला दुसरी खोली जोडलेली हवी. हा दुसरा मुद्दा मी कुणालाही हात जोडून सांगेन. मूल साडेसातला झोपतं. हॉटेलच्या एका खोलीत त्यानंतर तुम्ही काय करता? दिवा मालवून मोबाइलच्या उजेडात कुजबुजता, किंवा बाथरूममध्ये टबाच्या कडेवर बसून जेवता. उन्हाळ्यात निदान बाल्कनी असते. आम्ही झोपायची खोली वेगळी असलेला छोटा फ्लॅट घेतला. घरमालकीणबाईंना मी विचारलेले प्रश्न वाचून त्यांना मी बांधकाम खात्यातली वाटले असेन. लिफ्ट रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते का? (व्हिएन्नातल्या जुन्या इमारतींत लिफ्ट असते, पण तिच्यापर्यंत पोचायला अर्धा मजला पायऱ्या चढाव्या लागतात, असं बरेचदा होतं.) दार किती रुंद? घडी न घालता बाबागाडी मावेल? झोपायच्या खोलीला पडदे आहेत की नुसती जाळी? त्यांनी बिचाऱ्यांनी दाराला टेप लावून फोटो पाठवला. ते घर आम्ही त्या फोटोवरच घेतलं.

पोचायचा वार ठरवताना आणखी एक गोष्ट हाताला लागली. ऑस्ट्रियात रविवारी आणि सुटीच्या दिवशी किराण्याची दुकानं बंद असतात, शनिवारीही ती सहाच्या सुमारास मिटतात. मोठ्या रेल्वे स्थानकांतली आणि विमानतळावरची काही उघडी असतात तेवढीच. शनिवारी रात्री उतरणारं विमान स्वस्त होतं. डायपर संपलेलं मूल, रविवारची सकाळ आणि बंद शटर असं चित्र डोळ्यांसमोर आलं आणि आम्ही मधल्या वारचं तिकीट काढलं. औषधांचंही तसंच. साधं तापाचं औषधही तिथे सुपरमार्केटमध्ये मिळत नाही, औषधाच्याच दुकानात जावं लागतं. तापाचं सिरप घरूनच घेतलं आणि तिच्या वजनाप्रमाणे मात्रा किती ते डॉक्टरांकडून बाटलीवर लिहून घेतलं. रात्री तीनला कुणाला गणित सुचतं?

कपड्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. अंगालगत पातळ लोकरी थर, सुती नाही. सुती कपडा घाम शोषतो आणि ओलाच राहतो. त्यावर फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा-पाणी अडवणारा एकसंध सूट. मफलर घेतलाच नाही. गळ्यात ओढून घालायची लोकरी नळी घेतली, कारण मफलरचं टोक गाडीच्या चाकात किंवा घसरगुंडीच्या कडेत अडकलं तर गळ्याला फास बसतो. हातमोजे बोटांचे नाहीत, पिशवीसारखे. बोटं एकमेकांना ऊब देतात, आणि दुसरं, या वयाच्या मुलाची पाच बोटं पाच खोपच्यांत घालून बघाच एकदा. थंडी वाजतेय का हे बघायला हात चाचपू नये. हात गारच असतात. मानेच्या मागे कॉलरमध्ये दोन बोटं घालून बघायचं: उबदार आणि कोरडी असेल तर ठीक, ओलसर असेल तर एक थर जास्त झालाय.

आणि मोटारीच्या सीटमध्ये जाड जॅकेट घालून पट्टा लावायचा नाही. वरून पट्टा घट्ट वाटतो, पण धक्का बसला की आतला फुगीर कापूस दबतो आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढायचं, पट्टा लावायचा, वर जॅकेट पांघरायचं. आम्ही तो प्रश्नच टाळला. व्हिएन्नाच्या विमानतळावरून मुख्य स्थानकापर्यंत रेल्वेने पाव तास लागतो, तिथून ट्राम. पूर्ण मुक्कामात मोटारीत बसलो नाही.

प्रत्यक्ष तिथे गेल्यावर दिवसाचं सगळं यश-अपयश घराबाहेर पडायच्या शेवटच्या दहा मिनिटांत ठरायचं. गरम फ्लॅटमध्ये मुलाला आधी सूटमध्ये भरलं आणि मग आपण मोजे शोधत बसलो की ते आत उकडून निघतं आणि भोंगा सुरू होतो. आमचा क्रम लवकरच पक्का झाला. पिशवी दारात. आम्ही दोघे बुटांसकट तयार. मग तिचा डायपर, मग थर, मग सूट, मग बूट. हातमोजे लिफ्टमध्ये. टोपी रस्त्यावर. हातमोज्याचा अंगठा तिच्या अंगठ्यावर बसवायला जावं तर ती मूठ आवळून धरायची. तेव्हा नवरा तिला ट्रामची घंटा वाजवून दाखवायचा, तोंडाने, आणि ती हसली की बोटं आपोआप उघडायची. दहा वाजता कोपऱ्यावरून जाणाऱ्या लोकांनी आम्हाला वेड्यात काढलं असणार.

सगळ्यात जमलेली जागा म्हणजे मत्स्यालय. ‘हाउस देस मेरेस’ असं त्याचं नाव, आणि ते आहे दुसऱ्या महायुद्धात विमानहल्ल्यांपासून बचावासाठी बांधलेल्या काँक्रीटच्या मनोऱ्यात. बाहेरून भयाण. आत मजल्यामागून मजले मासे, कासवं, शार्क, आणि काचेच्या भागात एक उष्णकटिबंधीय जंगल, जिथे छोटी माकडं आणि पक्षी डोक्यावरून मोकळे फिरतात. दारातून शिरल्या शिरल्या माझा चष्मा धुक्याने पांढरा झाला आणि लेक सूटमध्ये लालबुंद. एका कोपऱ्यात बसून आम्ही तिला कांद्यासारखं सोललं. त्यानंतर अर्धा तास ती एकाच काचेसमोर उभी होती. काचेत काय होतं? एक मासा, जो हलत नव्हता. शार्ककडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

शोनब्रुनचं प्राणिसंग्रहालय १७५२ सालचं, अजून चालू असलेल्यांत जगातलं सर्वांत जुनं. हिवाळ्यात प्राणिसंग्रहालय हा वेडेपणा वाटतो, पण तिथे २००२ पासून एक वर्षावनाचं घर आहे, शिवाय इतरही बंदिस्त, गरम दालनं. दहा मिनिटं बाहेर, वीस मिनिटं आत, असे टप्पे पडतात. गर्दी नावालाही नव्हती. त्या आधी हलकासा बर्फ पडून गेला होता आणि रस्त्यांवर घसरू नये म्हणून बारीक खडी टाकली होती. आमच्या बाबागाडीची पुढची चाकं प्रवासात न्यायच्या हलक्या बाबागाड्यांना असतात तशी छोटी. खडीत अडकून सारखी आडवी व्हायची. मोठ्या चाकांची गाडी असेल तर तीच न्या, विमानात घडी घालायला त्रास झाला तरी.

म्यूझियम्सक्वार्टियरमध्ये झूम नावाचं मुलांचं संग्रहालय आहे. त्यात आठ महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी समुद्रासारखी रचलेली एक खेळायची जागा आहे. आत सोडतात ठरलेल्या वेळेला, त्यामुळे आरक्षण आधी करावं लागतं. आम्ही सकाळची वेळ घेतली होती. याच्याबद्दल जास्त लिहीत नाही. आत गेल्यापासून ती आमच्याजवळ आली ती फक्त पाणी प्यायला. आम्ही दोघे भिंतीला टेकून बसलो होतो, कोट मांडीवर. सबंध सहलीतली विश्रांती तेवढीच.

निसर्ग-इतिहास संग्रहालय मात्र आमच्या दोघांसाठी होतं, हे कबूल करायला हरकत नाही. १८८९ मध्ये उघडलेली भव्य इमारत, मंगळवारी बंद असते एवढं लक्षात ठेवा. तिथे १९०८ मध्ये ऑस्ट्रियातल्या विलेनडॉर्फ गावी सापडलेली ती सुप्रसिद्ध अश्मयुगीन स्त्रीची चिमुकली पाषाणमूर्ती आहे, जेमतेम ११ सेंटिमीटरची. एकाने मुलीला सांभाळायचं, दुसऱ्याने मूर्ती बघून यायची, मग अदलाबदल. मी मूर्तीसमोर उभी असताना दालनांपलीकडून एक ओळखीची किंकाळी ऐकू आली. डायनोसॉरच्या दालनात एक मांसाहारी डायनोसॉर मान हलवतो आणि गुरगुरतो, तिथे बापलेक पोचले होते. मला वाटलं घाबरली. जाऊन बघते तर त्याचं हलणं थांबलं म्हणून ती रडत होती.

संध्याकाळी काहीच ठरवलेलं नसायचं, आणि तिथेच मजा आली. झोप झाल्यावर, जो काही तासाभराचा उजेड उरे त्यात ट्रामने जुन्या शहराभोवतीच्या रिंग रस्त्यावर फिरायचं. खिडकी, दिवे, चढणारी-उतरणारी कुत्री. नगरभवनासमोर जानेवारीच्या उत्तरार्धापासून बर्फावर घसरण्याचं मोठं मैदान तयार करतात, १९९६ पासून. आम्ही कठड्याला टेकून नुसते पडणारे लोक बघत राहिलो. कुणी आपटलं की ती टाळ्या वाजवायची. काही लोक हसले, सगळेच नाही.

वेळेच्या फरकाचं सांगायचं राहिलं. आम्ही पश्चिमेकडे गेलो होतो, त्यामुळे तिचं शरीर पहाटेच उठायचं. बाहेर सात-साडेसातपर्यंत काळोख. तिला तिथल्या घड्याळावर पूर्ण आणायचा खटाटोप आम्ही केलाच नाही; छोट्या मुक्कामात शरीर जुळेपर्यंत परतायची वेळ येते. रात्री थोडं उशिरा झोपवायचं, पहाटे उठली की दिवे मंद ठेवून पुस्तकं, आणि तिच्या पलंगावर घरचीच चादर, न धुता नेलेली. हीटरमुळे खोलीतली हवा फार कोरडी व्हायची. ओला टॉवेल खुर्चीवर पसरून ठेवला की नाक चोंदणं कमी व्हायचं.

परतीचं विमान मुद्दाम दुपारचं घेतलं होतं, म्हणजे उड्डाणाच्या वेळी तिची झोपेची वेळ येईल. विमान चढता-उतरताना तोंडाने काहीतरी चोखत राहिलं की कानाचे दडे बसत नाहीत, म्हणून तिची दुधाची बाटली हाताशी ठेवली होती. बाळाच्या दुधाला सुरक्षा तपासणीत १०० मिलिलिटरची अट लागत नाही, पण ते वेगळं काढून दाखवावं लागतं. सगळं चोख. ती झोपली विमानतळाच्या रेल्वेत. पाव तास. स्थानक आल्यावर उठवावंच लागलं, आणि पुढे विमान उतरेपर्यंत डोळ्याला डोळा लावला नाही. शेजारच्या आजोबांची टोपी मात्र निदान चाळीस वेळा काढून परत घातली.